नव्या गाडीतनं आवाज येतोय: शोरूम का ओळखीचा मिस्त्री?

सांगलीत कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला, "विश्रामबागेत आपला मिस्त्री हाय, दाखव त्याला." दाखवायला हरकत काहीच नाही, उलट असा माणूस एक चक्कर मारून आवाज चेनचा का क्लचचा हे पटकन सांगतो, शोरूममधला सुपरवायझर मात्र गाडी न चालवताच "नवीन आहे, सेट होईल" म्हणून मोकळा होतो. पण मिस्त्रीला इंजिन खोलू देऊ नका राव, वॉरंटीत असताना बाहेर हात लागला की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

शोरूमला वेळ जातो, डोकं फिरतं, तरी नव्या गाडीला माझं मत तिकडंच. कारण जॉबकार्ड, म्हणजे गाडी कामाला घेताना शोरूमवाले तक्रार लिहितात तो कागद. त्यावर "जनरल चेकअप" लिहू द्यायचं नाही, "थंड इंजिन चालू केल्यावर डाव्या बाजूनं खडखड" असं आपल्या शब्दात लिहून घ्यायचं, कॉपी मागायची, आणि आवाजाचा व्हिडिओ सकाळी पहिल्या स्टार्टलाच काढायचा, कारण तिथं पोचेपर्यंत इंजिन गरम होऊन आवाज गायब होतो (हे हमखास!). तोच दोष परत आला तर परत नवीन जॉबकार्ड.

एवढं करून ऐकलं नाही तर कंपनीला मेल, मग ग्राहकांसाठीची १९१५ हेल्पलाइन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार २ वर्षांच्या आत करायची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, म्हणजे बाईकवाले बहुतेक फुकटात. तिथं मिस्त्रीचं तोंडी मत काय कामाचं, कागदच बघतात.