उद्यमनगरातलं फियाटवाल्या मामांचं गॅरेज: गंजलेली, मॉडिफाय केलेली गाडी असेल तर आधी इथं दाखवा

कोल्हापुरात जुन्या गाड्या दुरुस्त करणारे चिक्कार आहेत, पण जुन्या गाडीचं नेमकं काय करायचं हे आधी बसून ठरवून देणारं गॅरेज मला हे एकच सापडलं. शिवाजी उद्यमनगरात, एका लेथच्या वर्कशॉपला लागून आतल्या बोळात. गॅरेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मामांनीच तसं सांगितलंय (मिस्त्रींना तिथं सगळे मामाच म्हणतात), एका वेळी दोनच गाड्या घेतात आणि तिसरी आली की आधीच्या दोघांचं काम रखडतं. उद्यमनगरात जुन्या फियाटचे मामा विचारा, कुणीही आणून सोडेल.

गाडी कुठली ते सांगतो. १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी, आपण फियाटच म्हणतो, १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून आली तीच बॉडी आणि तेच १०८९ सीसीचं इंजिन. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी घेतलेली, मधे दुसऱ्याकडं गेली आणि परत घरात आली. मधल्या मालकानं तिच्यावर हौस भागवून घेतली होती. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढून खाली फ्लोअरवर घेतलेला, छत कापून सनरूफ, रुंद अलॉय व्हील आणि ती बसावीत म्हणून मागच्या मडगार्डच्या कडा ग्राइंडरनं उडवलेल्या, पुढचा सलग सीट जाऊन बकेट सीट, डॅशबोर्डला स्टीरिओसाठी भलामोठा चौकोन. त्यानंतर बरीच वर्षं ताडपत्रीखाली. आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे, ताडपत्रीखाली गाडी कोरडी राहत नाही, खालून ओल धरते आणि वरून वारा लागत नाही.

आधी ज्यांना ज्यांना दाखवली त्या सगळ्यांनी बाहेरून एक चक्कर मारून रंगाचा आकडा सांगितला. एकानं तर पत्र्याला हातसुद्धा न लावता "लांबी भरून चकाचक करतो" म्हणून सांगितलं (लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी). मामांनी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, "दादा, तपासणीचे अडीच हजार घेतो, गाडी इथं झाली तर बिलातनं वजा, नाही झाली तर कागद घेऊन कुठंही जावा." माझ्या मते या गॅरेजची सगळ्यात मोलाची सर्व्हिस ही तपासणीच आहे आणि हा सगळा रिव्ह्यू मी मुख्यतः तिच्यासाठी लिहितोय.

तपासणी म्हणजे काय तर आधी सीट, मॅट, त्याखालचं तागाचं अस्तर सगळं बाहेर. ते अस्तर अजून दमट होतं, उन्हाळ्यात! पुढच्या काचेचं रबर कडक होऊन सुटलेलं, तिथनं पाणी डॅशबोर्डमागून खाली उतरायचं आणि अस्तर ते धरून ठेवायचं, म्हणजे फ्लोअर वरून सडत होता आणि खालून मारलेल्या डांबरी कोटिंगमुळं कुणाला दिसत नव्हतं. मग मामांनी कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन सगळ्या बॉडीवरून फिरवलं. बॉनेटला चिकटलं, छताला चिकटलं, मागच्या मडगार्डवर आलं की सरळ घसरून खाली, कारण तिथं पत्रा कमी आणि लांबीच जास्त. त्यानंतर छोटी हातोडी. चांगल्या पत्र्यावर ठण्ण वाजते, सडक्यावर थप्प. दारांच्या खालच्या सिलवर नुसतं थप्प थप्प. तिथं स्क्रूड्रायव्हर जरा दाबला तर पत्रा पापडासारखा तुटला, आतनं तपकिरी चुरा पडला आणि त्या चुऱ्याखाली आणखी एक जुना पत्रा, रिव्हेट मारून बसवलेला. म्हणजे कुणीतरी पूर्वी गंज न काढता वरूनच ठिगळ लावलं होतं आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी साठून दोन्ही गेले.

प्रत्येक ठिकाणी मामांनी खडूनं खूण केली. पांढरी खूण म्हणजे घासून प्रायमर मारला की झालं, पिवळी म्हणजे तुकडा कापून नवा लावायचा, लाल म्हणजे अख्खा भाग बदलायचा. लाल खुणा सगळ्या खालीच होत्या, दोन्ही सिल, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि जॅक लावायची जागा.

आता इथं मला जे कळलं ते जुनी फियाट ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. जीपला खाली वेगळी चेसिस असते, बॉडी सडली तरी चेसिसवर गाडी उभी राहते. फियाट तशी नाही, ती मोनोकॉक आहे, फ्लोअर, सिल आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळं सिल सडलं म्हणजे शोभा गेली असं नाही, गाडीचं हाडच गेलं. आणि छत कापून सनरूफ केलेलं म्हणजे वरूनही ताकद कमी केलेली. दोन्ही सिल एकदम कापली तर मधनं गाडी बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. मामांनी आधी आतून दारांच्या चौकटीत लोखंडी पाइप टाकून टाके मारले, दारं जागेवर ठेवली, एक बाजू पूर्ण केली, दाराच्या फटी मोजल्या, मग दुसरी बाजू उघडली. पत्रा गॅस वेल्डिंगनं तापवून वाकडा करण्यापेक्षा सीओटू वेल्डिंगनं थोडं थोडं, जागा बदलत बदलत जोडला. हे काम बघायला मिळालं तर जरूर बघा, फार सुंदर हात आहे.

पण ते नंतरचं. आधी निर्णय. मला गाडी एकदम ओरिजिनल पाहिजे होती, कंपनीतनं निघाली तशी. आपल्या गावात शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते ती लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळं जुनी गाडी म्हणजे अस्सल तशीच असावी हे डोक्यात पक्कं. मामा म्हणाले, "करू की. पण आधी सांगा, गाडी चालवणार का ठेवणार?" या एका प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं हो. मला आईला घेऊन जोतिबाला जायचंय, पन्हाळ्याचा घाट चढायचाय, कधीतरी वाडीला दत्ताला. ठेवायची गाडी नाही ही.

मग त्यांनी कागदावर मॉडिफिकेशनची यादी काढून प्रत्येकापुढं एकच गोष्ट विचारली, हे गाडीला धोका आहे का? सनरूफ आणि कापलेली मडगार्ड, धोका, त्यामुळं त्यावर चर्चाच नाही, छताला दुसऱ्या भंगार फियाटचा पत्रा आणून शिवायचा. रुंद अलॉय, चढउतारावर टायर घासतो, स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर ताण, काढायची आणि परत १४ इंची लोखंडी डिस्क. पण टायर रेडियलच ठेवायचे, उगाच ओरिजिनलच्या हट्टानं जुन्या पद्धतीचे शोधायचे नाहीत, पावसात ब्रेक मारल्यावर फरक कळतो. डायनामोच्या जागी कुणीतरी अल्टरनेटर बसवला होता, तो चांगला, ठेवायचा. सीट बेल्ट बसवले होते, त्यांचे नट नुसत्या पत्र्यावर होते, मागं जाड प्लेट टाकून ठेवायचे. गिअरवर मात्र आमचा बराच वाद झाला. माझं म्हणणं खालचा गिअर सोपा पडतो. मामांनी बोगद्यावरचं, म्हणजे फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावरचं, कापलेलं भोक दाखवलं, वेडंवाकडं, कडा गंजलेल्या, इंजिनचा धूर आत यायला मोकळी वाट. स्टिअरिंगच्या गिअरची सगळी लिंकेज त्यांच्याकडं जुन्या टॅक्सीची पडलेली होती. मुंबईत शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, त्या गाड्यांचे सुटे भाग अजून फिरतायत, तोवर काम करून घ्या, हा त्यांचा सल्ला मला पटला. आता वरचा गिअर आहे आणि आबा त्या गाडीत बसल्यावर त्यांचा हात आपोआप तिकडं गेला, मला भरून आलं.

काहींनी मला सुचवलेलं की चांगली बॉडी बघून घे आणि तुझं इंजिन त्यात टाक, स्वस्तात पडेल. मामांनी ताबडतोब नाही म्हणून सांगितलं. चेसिस नंबर बॉडीवरच ठोकलेला असतो, बॉडी बदलली की गाडीची ओळखच बदलली, आरटीओत काय दाखवणार? कागदाच्या बाबतीत हा माणूस एकदम पक्का आहे आणि हे मेकॅनिक लोकांत क्वचित दिसतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडीत बदल करता येत नाही, त्यामुळं दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना ते परत पाठवतात. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करायला लावतात. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झाली, त्यावर ग्रीन टॅक्स, हे खर्चात धरूनच बजेट करा असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

व्हिंटेजचंही विचारलं मी. २०२१ च्या नियमानं पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,०००, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. म्हणजे आईला घेऊन जोतिबा बंद! माझ्या गाडीला पन्नास २०२८ ला होतील, तेव्हा बघू. पण पुढं कधी वाटलंच तर वाट बंद होऊ नये म्हणून आता नवीन भोकं पाडायची नाहीत आणि काढलेला प्रत्येक ओरिजिनल तुकडा डब्यात नाव लिहून ठेवायचा, हे ठरलं.

रंगाचं उत्तर गाडीनंच दिलं. डॅशबोर्ड उतरवल्यावर मागं, वायरिंगच्या क्लिपखाली, नखाएवढा फिकट निळा रंग जसाच्या तसा होता. वर लाल, त्याखाली पांढरा, आणि तळाला हा. त्यावरूनच मॅच करून घेतला.

इंजिनचं फार लिहित नाही, उद्यमनगर आहे, बोअर, क्रँक ग्राइंडिंग, बुश सगळं चालत जायच्या अंतरावर होतं आणि काम बारीक असतं. बाजारात न मिळालेला एक छोटा ब्रॅकेट त्यांनी पॅटर्न करून फाउंड्रीतनं ओतून आणला, ही कोल्हापूरचीच मजा. एक गोष्ट मात्र आवर्जून, पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल असलं तरी जुन्या फियाटच्या रबरांना ते सोसत नाही, शिवाय ते ओल ओढतं आणि टाकी आतनं गंजते. पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरची रबरं इथेनॉलला टिकणारी टाकून घ्या आणि गाडी अर्धी टाकी ठेवून महिनोन्महिने उभी करू नका.

आता तक्रारी. वेळ. सांगितलेल्या तारखेला काहीही मिळत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर मामा रंगाला हातच लावत नाहीत, हवेत दमटपणा असला की रंगावर पांढुरकी झाक येते म्हणतात, आणि ते खरं आहे, पण मग हे मे महिन्यातच सांगून ठेवायला पाहिजे होतं. फोन उचलत नाहीत, जाऊनच बसावं लागतं. सीटचं रेक्झिन आणि क्रोमचं काम बाहेर देतात, त्यातला बंपरचा क्रोम मला आवडला नाही, कडेला फुगे होते, परत करून दिला पण मागे लागावं लागलं. बिल वहीत लिहितात, छापील पाहिजे असेल तर आधीच सांगा.

खर्च, फक्त पत्रा, वेल्डिंग आणि रंग मिळून पावणेदोन लाख, इंजिन वेगळं. बाहेर रंगाचा जो आकडा सांगत होते त्याच्या कितीतरी पट आहे हे. पण प्रत्येक लाल खुणेचा कापलेला सडका तुकडा त्यांनी पोत्यात भरून माझ्यापुढं ओतला, नव्या पत्र्याला आतून झिंकचा प्रायमर आणि पोकळ्यांत मेण सोडलं त्याचे फोटो दिले. पैसे कुठं गेले ते डोळ्यांनी दिसलं, त्यामुळं मला हा खर्च योग्य वाटतो. गाडीची बाजारातली किंमत आणि हा खर्च यांचा मेळ बसत नाही हेसुद्धा त्यांनीच आधी सांगितलं होतं, विकायची असेल तर करू नका, घरात ठेवायची असेल तरच करा.

जाताना आरसी, जुने फोटो असतील तर ते, आणि गाडीचे काढून ठेवलेले भाग सगळे घेऊन जा, भंगार वाटला तरी. सकाळी लवकर गेलात तर मामा निवांत भेटतात, दुपारनंतर लेथवाल्यांची वर्दळ असते. आणि ताडपत्री काढून गाडी आठ दिवस उन्हात उभी करून मगच न्या, ओली गाडी तपासायला घेत नाहीत.