कल्याण शेडचे डब्ल्यूडीएम-२, एचओ प्रमाणात : रंगकाम करून देणाऱ्या कार्यशाळेचे परीक्षण

रेल्वे मॉडेलचे रंगकाम मागणीनुसार करून देणारी ही कार्यशाळा एकाच कारागिराची आहे. त्यांना प्रसिद्धी नको असल्याने नाव देत नाही. माझ्याकडे एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातले, डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे रंग न दिलेले रेझिनचे कवच होते, आणि ते ॲल्को बनावटीच्या एका अमेरिकन इंजिनाच्या तयार चॅसीवर (चाकांसहित खालच्या सांगाड्यावर) बसवलेले होते. कल्याण शेडचे (इंजिनांच्या देखभालीच्या आगाराचे), हवेचे ब्रेक येण्यापूर्वीच्या व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातले इंजिन हवे, एवढीच माझी मागणी होती.

ती मागणी अपुरी आहे, हे कारागिरांनी पहिल्याच बोलण्यात स्पष्ट केले. अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीकडून १९६२ साली आलेले आणि १९६४ पासून वाराणसीत तयार होऊ लागलेले हे २६०० अश्वशक्तीचे इंजिन इतकी दशके बनत राहिले, की त्याचे एकच एक ‘खरे’ रूप सांगता येत नाही. काहींना पुढे हवेचे ब्रेक बसवले गेले, काहींचे आखूड हूड (चालकाच्या केबिनपुढचे नाक) पूर्ण रुंदीचे आणि समोरच्या काचा मोठ्या (त्यांनाच आपण ‘जम्बो’ म्हणतो), आणि रंग तर शेडगणिक आणि सालागणिक बदलत गेला. त्यामुळे ते आधी एका विशिष्ट क्रमांकाच्या इंजिनाची, शक्यतो दोन्ही बाजूंची आणि एकाच सुमाराची छायाचित्रे मागतात, आणि ती मिळाल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. सुरुवातीला हा हट्ट वाटतो. पण मॉडेल हाती आल्यावर या सेवेचे खरे मोल याच चौकशीत आहे, असे माझे मत झाले.

रंगकाम उत्कृष्ट आहे. राखाडी प्रायमरवर आधी पांढरा आणि मग पिवळसर पट्ट्याचा रंग, त्यावर मास्किंग टेप, आणि शेवटी गडद लाल, असा क्रम त्यांनी ठेवला. पिवळा रंग लालावर नीट झाकत नाही, म्हणून हा क्रम उलटा करून चालत नाही. एअरब्रशचे थर इतके पातळ आहेत की हूडच्या दारांच्या बिजागऱ्या आणि रेडिएटरच्या झडपांच्या फटी कुठेही बुजलेल्या नाहीत, आणि पट्टा दारांच्या उंचवट्यांवरून जाताना एकाही ठिकाणी पाझरलेला नाही. लाल रंग खऱ्यापेक्षा किंचित फिका ठेवला आहे, तोही योग्यच, कारण वीस सेंटीमीटरच्या वस्तूवर मूळ इंजिनाचा रंग जसाच्या तसा दिला तर तो काळपट दिसतो.

अक्षरलेखनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. देवनागरीचे डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील पारदर्शक अक्षरपट्टी, एवढ्या आकारात छापणे अवघड असते. शिरोरेखा तुटते किंवा जोडाक्षराचा गोळा होतो. इथे ‘कल्याण’मधला ‘ल्य’ भिंगाखाली स्वच्छ वाचता येतो. डेकल लावण्यापूर्वी चकचकीत थर आणि नंतर मंद थर दिल्यामुळे त्याची पारदर्शक कडा तिरप्या उजेडातही दिसत नाही. परळ कार्यशाळेतल्या पीओएचची (ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीखसुद्धा छायाचित्राबरहुकूम आहे.

जोडकामात मात्र एक ठळक चूक झाली. बफर बीमवर (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवर) व्हॅक्यूमच्या जाड नळीबरोबर हवेच्या ब्रेकच्या दोन नळ्याही बसवून आल्या, ब्रेक पाइपच्या हिरव्या आणि फीड पाइपच्या पांढऱ्या कॉकसह. काम सुबक होते, पण माझ्या छायाचित्रात त्या नळ्या नव्हत्या. कळवल्यावर कारागिरांनी कुरकुर न करता त्या काढून दिल्या आणि त्या जागी रंगाचा डागही राहू दिला नाही. कठडे पितळी तारेचे आहेत आणि त्यांची जाडी प्रमाणात शोभते.

वेदरिंग, म्हणजे वापराने आलेला मळकटपणा रंगातून दाखवण्याचे काम, मला पटले नाही. चिमणीच्या तोंडाभोवतीची काजळी आणि इंधन टाकीवर सांडलेल्या डिझेलचे ओघळ झकास साधले आहेत. पण बोगींवर (चाके धरणाऱ्या चौकटींवर) ब्रेकच्या धुळीचा तपकिरी रंग सगळीकडे सारख्याच जाडीने मारला आहे. खऱ्या इंजिनात ब्रेक ब्लॉकच्या आसपास तो दाट असतो, स्प्रिंगांवर तेलकट काळा असतो, आणि तिन्ही आसांमधले अंतर असमान असल्याने सावल्याही वेगळ्या पडतात. ॲल्कोच्या बोगीची ही ओळखीची ठेवण एकसुरी रंगात हरवून जाते.

चॅसीच्या मर्यादेचा दोष कार्यशाळेला देता येणार नाही. आपला १६७६ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधले अंतर) या प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त व्हायला हवा, पण एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचाच असतो. समोरून पाहिले की चाके आत ओढल्यासारखी दिसतात. बाजूची चौकट थोडी बाहेर घेऊन त्यांनी ते बरेचसे झाकले आहे.

खर्च मूळ मॉडेलच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक येतो आणि सांगितलेली मुदत पाळली जात नाही. घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. वेदरिंगचे पैसे वेगळे लागतात, ते वाचवून बोगी स्वतः मळवाव्यात असे मी सुचवेन. मागणी नोंदवताना ब्रेकचा प्रकार लेखी कळवावा आणि बफर बीमचे जवळून घेतलेले छायाचित्र सोबत जोडावे.