नाना पेठेतून आणलेली इग्निशन कॉइल आणि घरच्या पार्किंगमध्ये केलेली बदली

हे परीक्षण वीतभर लांबीच्या एका काळ्या सुट्या भागाचे आहे, आणि तो पुण्याच्या नाना पेठेतील ज्या दुकानातून घेतला त्या दुकानाचेही. गाडी दहा वर्षांपुढची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे; तिच्यात प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसवलेली असते. गाडीच्या कंपनीच्या पाकिटात आलेली ही कॉइल पैसे वसूल करते, असे माझे मत आहे. मात्र चारपैकी नेमकी कोणती कॉइल गेली आहे हे ज्याने आधी पक्के केले असेल, त्याच्यापुरतेच ते खरे आहे.

तक्रार अशी होती की गाडी आयडलिंगला थरथरत असे आणि कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग मारून झटके देत असे. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवली तर फारसे काही जाणवत नसे. कॉइल मरणपंथाला लागल्याचे हे जुने लक्षण आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस हजार किंवा त्याहून अधिक व्होल्ट करून प्लगच्या फटीत ठिणगी पाडणे हे तिचे काम, आणि चढावर सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण जास्त भरले की तिथला दाब वाढून ठिणगी पाडायला अधिक व्होल्टेज लागते. आतल्या वेटोळ्याचे इन्सुलेशन कमकुवत झाले असेल तर कॉइल नेमकी तिथेच हात टेकते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना एकेका कॉइलला सेकंदाला २५ ठिणग्या द्याव्या लागतात, तेही इंजिनच्या तापलेल्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) रुतून बसून. तिने दहा वर्षे काढली यात मला तरी दोष दिसत नाही.

एका गॅरेजने चारही कॉइल, चारही प्लग आणि जोडीला इंजेक्टर सफाई असा अंदाजखर्च लिहून दिला. कोणत्या सिलिंडरमध्ये दोष आहे, या प्रश्नाला मात्र तिथे उत्तर मिळाले नाही. हे उत्तर घरी मिळवता येते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आणि मोबाइलवरील ॲप एवढ्यावर गाडीने स्वतःच नोंदवून ठेवलेला दोषाचा कोड वाचता येतो. पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमधील मिश्रण नीट न पेटणे, म्हणजेच मिसिंग) एका सिलिंडरशी बांधलेला नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचा मिसफायर. माझ्या गाडीने पी०३०३ दाखवला.

पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. म्हणून तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली, प्लग जागचे हलवले नाहीत, कोड पुसला आणि त्याच चढावर गाडी पुन्हा नेली. कोड पी०३०१ झाला. दोष कॉइलच्या पाठोपाठ सरकला, म्हणजे दोषी तीच. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही आणि मल्टिमीटरपेक्षा ती अधिक भरवशाची आहे, कारण हल्लीच्या बऱ्याच कॉइलमध्ये प्रवाह चालू-बंद करणारे इग्नायटरचे इलेक्ट्रॉनिक सर्किट आतच असल्यामुळे पिनांवर ओहम मोजून फारसे काही हाती लागत नाही.

आता दुकानाविषयी. नाना पेठेत चारचाकी घेऊन जाण्याच्या फंदात पडू नये. दुचाकी किंवा रिक्षा बरी. काउंटरवरील काकांनी गाडीचे मॉडेल विचारण्याआधी "जुनी आणलीय का?" असे विचारले, आणि इथेच मला दुकान आवडले. त्यांनी जुन्या कॉइलच्या तोंडावरची धूळ अंगठ्याने पुसली, कपलरच्या (वायर जिथे जोडतात त्या तोंडाच्या) पिना मोजल्या, अंगावर छापलेला पार्ट नंबर भिंगातून वाचला आणि मगच कपाटाकडे वळले. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कॉइल वेगळी असू शकते. दिसायला जुळी, पण पिना किंवा नळीची लांबी निराळी. मी चारही कॉइलची किंमत विचारली, तेव्हा त्यांनी सांगितले, "साहेब, तीन नंबरची गेलीय ना, मग एकच न्या. प्लग मात्र चारही बदला." तीन कॉइलची विक्री हातची घालवणारा हा सल्ला तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. झिजलेल्या प्लगची फट रुंदावते, रुंद फटीसाठी व्होल्टेज जास्त लागते आणि तो ताण कॉइलवर येतो. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणे म्हणजे तिलाही त्याच वाटेला लावणे होय.

दुकानात त्याच गाडीसाठी बिननावाच्या डब्यातील कॉइलही होती, किंमत निम्म्याहून कमी. दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. स्वस्त कॉइलच्या नळीचे रबर बोटाने दाबल्यावर कडक लागत होते, आतली स्प्रिंग बारीक तारेची होती आणि पार्ट नंबर ठशाऐवजी स्टिकरवर होता. कंपनीच्या कॉइलवर नंबर अंगातच ठसवलेला होता आणि पाकिटावर होलोग्राम, छापील किंमत, महिना, वर्ष असे सगळे होते. स्वस्त कॉइल किती टिकते हे वापरल्याशिवाय सांगणे अन्यायाचे होईल. परंतु दारावर "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असताना मी ती जोखीम घेतली नाही. एक मधला मार्ग मात्र नोंदवतो. गाड्यांच्या कंपन्या कॉइल सहसा स्वतः बनवत नाहीत. डेन्सो किंवा बॉशसारखे उत्पादक त्या पुरवतात, आणि काही मॉडेलसाठी मूळ उत्पादकाच्याच पाकिटातील कॉइल गाडीच्या कंपनीच्या पाकिटापेक्षा कमी किमतीत मिळते. ती विचारून पाहावी.

बसवण्याचे काम इतके सोपे आहे की त्यावर फार लिहिण्यात अर्थ नाही. इंजिन पूर्ण थंड असावे, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जाऊ शकतात. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, कपलरची कळ दाबून तो सोडवायचा, दहा नंबरच्या टी-पान्याने एकच बोल्ट काढायचा आणि कॉइल किंचित गोल फिरवून सरळ वर ओढायची. जपायचे ते कपलरला. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचे प्लास्टिक बिस्किटासारखे ठिसूळ झालेले असते. कळ तुटली तर कपलर रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे सैल होतो आणि नवी कॉइल असूनही गाडी पुन्हा मिसिंग मारते. तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, बोटाने दाबून हलवत सोडवावा.

प्लग काढण्याआधी त्याच्या खड्ड्यातील धूळ हवा मारून घालवणे टाळू नये, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. माझ्या तिसऱ्या खड्ड्यात पाण्याचा वाळलेला पांढुरका डाग होता, आणि जुन्या कॉइलच्या रबरावर आतून खालपर्यंत गेलेली केसाएवढी काळी रेघ. प्लगकडे जाण्याऐवजी वीज रबराच्या कडेने हेडकडे पळते, तेव्हा तिच्या वाटेवर अशी रेघ उमटते. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारण्याची जी हौस आपल्याकडे आहे, तिचा हा परिणाम असावा असा माझा दाट संशय आहे. खड्ड्यात पाण्याऐवजी तेल दिसले तर प्रश्न व्हॉल्व्ह कव्हरच्या सीलचा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय नवी कॉइल बसवण्यात हशील नाही.

नवे प्लग हातानेच पूर्ण बसेपर्यंत फिरवून मग पान्याने साधारण अर्धी फेरी आवळले, रबराच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीसचा पातळ थर दिला आणि कॉइल दाबून बसवली. कॉइलचा बोल्ट फक्त तिला जागेवर धरतो. जोर लावून त्याचे आटे घालवण्याचे कारण नाही.

थरथर पहिल्याच स्टार्टला थांबली. चांदणी चौकाचा चढ गाडी आता तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते आणि कोड परत आलेला नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकत असेल, तर मात्र हे सारे सुट्टीच्या दिवसावर ढकलू नये आणि गाडी शक्यतो चालवूही नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, त्याने तो खराब होतो आणि कन्व्हर्टरची किंमत चारही कॉइलपेक्षा कितीतरी जास्त असते.

दुकानाबाबत तक्रार एकच आहे. डायइलेक्ट्रिक ग्रीस त्यांच्याकडे फक्त मोठ्या ट्यूबमध्ये मिळते, लागते मात्र वाटाण्याएवढे. कॉइलसोबत ग्रीसची छोटी पुडी द्यावी असे मी काकांना सुचवले, तेव्हा त्यांनी उरलेली ट्यूब शेजाऱ्याला विका म्हणून सांगितले.