रशियन कथांतून शिकायचं, पण कोणत्या: सोप्या केलेल्या की मूळ?

रशियन अक्षरं लागली, सहा विभक्त्यांची तोंडओळख झाली, की पाठ्यपुस्तकातले ‘हा माझा भाऊ, ही माझी खोली’ छापाचे उतारे नकोसे होतात. कथा वाचाव्यात असं वाटू लागतं, आणि ते योग्यच आहे. अडतं ते पुस्तक निवडताना. एका बाजूला परदेशी विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सोप्या केलेल्या कथा, दुसऱ्या बाजूला मूळ कथा, बहुतेक वेळा शेजारच्या पानावर इंग्रजी भाषांतर असलेल्या. दोन्ही वाटांनी मी बरंच वाचलं आहे. माझा कौल कुठे आहे ते सांगतोच, पण मूळ कथांची बाजू आधी मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे.

चेखवची ‘लठ्ठ आणि बारीक’ ही १८८३ची कथा घ्या. जेमतेम दोन-तीन पानांची. निकोलायेव्स्काया रेल्वेच्या स्टेशनवर दोन जुने शाळासोबती भेटतात. गळाभेट होते, अरे-तुरेत गप्पा सुरू होतात. बारीक मित्र सरकारी हुद्द्यांच्या उतरंडीत आठव्या पायरीवर आहे आणि त्यात खूश आहे. मग कळतं की लठ्ठ मित्र तिसऱ्या पायरीवर पोचला आहे. झार पीटरने १७२२ साली घालून दिलेल्या त्या उतरंडीत वरून मोजत पायऱ्या चौदा होत्या, तेव्हा हे अंतर केवढं ते लक्षात येईल. पुढच्याच वाक्यापासून बारीक मित्राच्या तोंडी ‘तू’ जाऊन ‘आपण’ येतं आणि शब्दांच्या शेपटीला अदबीचा ‘स’ चिकटू लागतो. लठ्ठ मित्र मात्र त्याला ‘तू’च म्हणत राहतो. सगळी कथा या फरकात आहे. शेजारच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ असतं, त्यामुळे भाषांतरावर डोळा ठेवून वाचणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटू शकते. अरे-तुरे आणि अहो-जाहोत वाढलेल्या आपल्या माणसाला मूळ रशियन जास्त जवळचं वाटतं. सोप्या केलेल्या आवृत्तीत असल्या छटांना पहिली कात्री लागण्याची भीती असते.

मराठी माणसाला आणखीही सोय आहे. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, नामाला विभक्ती लागताना त्याचं रूप पालटतं हेही नवं नाही. त्यामुळे मूळ वाक्याची रचना वाटते त्यापेक्षा लवकर उलगडते.

इतकं असूनही नवशिक्याने इथून सुरुवात करू नये, असं मला वाटतं. जुने हुद्दे, जुने कपडे, घोडागाड्यांचे प्रकार यांना कोश पुरून उरतो, त्याची मला फारशी तक्रार नाही. चेखवच्याच ‘वान्का’सारख्या कथेत चांभाराकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरगा आजोबांना पत्र लिहितो, तेही त्याच्या गावाकडच्या, अर्धवट शिकलेल्या भाषेत. त्यातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं हे नवख्याला कळणं अवघड, पण तेही शिक्षकाला विचारता येतं. मला खरोखर नको झालं ते एकाच गोष्टीने: छापील रशियनमध्ये आघात, म्हणजे शब्दातल्या कोणत्या स्वरावर जोर द्यायचा ते, सहसा दाखवलेला नसतो.

हे बारीकसारीक वाटेल, पण तसं नाही. आपल्याला देवनागरीची सवय. लिहिलंय तसं बोललं की थोड्याफार फरकाने काम भागतं. रशियनमध्ये आघात ज्या स्वरावर, तोच स्वर पुरा उच्चारला जातो, बाकीचे विरतात. दुधाच्या शब्दात लिहिताना तीन ‘ओ’, बोलताना शेवटचा तेवढा ‘ओ’, आणि ऐकू येतं साधारण ‘मलको’. आघात कुठे पडणार याला नवशिक्याच्या हाताशी येईल असा नियम नाही, आणि तो एका जागी थांबतही नाही. ‘मी लिहितो’ म्हणताना शेवटी, ‘तू लिहितोस’ म्हणताना मागे सरकतो. त्याहून त्रासाचं म्हणजे, हात या शब्दाची ‘हाताचा’ आणि ‘अनेक हात’ ही दोन्ही रूपं अक्षराला अक्षर सारखीच छापली जातात. आघात शेवटी असेल तर पहिला अर्थ, सुरुवातीला असेल तर दुसरा. खिडकीचंही तेच. म्हणजे विभक्ती आणि वचन ठरवणारी खूणच पानावर नाही. रशियन मुलाला ती कानाने ठाऊक असते, आपल्याला नसते.

मग शब्दकोश उघडायचा. त्यात मूळ रूपाचा आघात असतो, कथेतल्या रूपाचा बरेचदा नसतो. रूपावलीचं दुसरं पुस्तक काढायचं. तोवर कथेतला माणूस स्टेशनवरच उभा. यात भर म्हणजे ‘यो’ या अक्षरावरचे दोन ठिपके. मोठ्यांच्या पुस्तकांत ते सहसा गाळतात आणि ते अक्षर ‘ये’सारखंच दिसतं. अ‍ॅपवर शब्दाला बोट लावून उच्चार ऐकण्याची सोय आहे, पण दर ओळीला बोट लावत वाचण्यात कथेची लय राहत नाही. नुसत्या डोळ्यांनी पुढे जावं, तर शब्द पानावर ओळखू येतो आणि तोच कुणी बोललं की कळत नाही. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या पुस्तकांत हा त्रासच नाही. आघात शब्दाशब्दावर छापलेला असतो, ‘यो’चे ठिपके जागेवर असतात. सेंट पीटर्सबर्गचं ‘झ्लातोउस्त’ हे प्रकाशन अशी पुस्तकं पातळीनुसार काढतं. शब्दसंख्या बांधलेली असते. रशियनच्या प्रमाणित परीक्षेत ए-२ या प्राथमिक पातळीसाठी साधारण १३०० शब्द धरतात, बी-१ या त्यापुढच्या पातळीसाठी २३००. कथा अर्थातच थोडी सपाट होते. वाक्यं तुटक होतात, विनोद पातळ होतो. ही किंमत खरी आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. पण ओळीमागून ओळ मोठ्याने, न अडखळता वाचता येते. बसमध्ये, कोश जवळ नसताना वाचता येते. सुरुवातीच्या काळात मला याचं मोल जास्त वाटलं.

सोपं आणि तरीही अस्सल हवं असेल, तर तॉलस्तॉयने मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी आहेत. यास्नाया पोल्यानातल्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या या माणसाने १८७२ साली ‘आज़्बुका’ ही मुलांची अंकलिपी काढली, १८७५ साली नवी आवृत्ती. त्यातली आलुबुखाराच्या बीची गोष्ट काही ओळींचीच आहे. आईने मुलांसाठी आणलेल्या फळांतलं एक वान्या गुपचूप खातो. बी गिळली तर माणूस मरतो, असं वडील म्हणताच तो घाबरून सांगतो, ‘मी बी खिडकीतून टाकून दिली!’ सगळे हसतात आणि तो रडायला लागतो. वाक्यं लहान, क्रियापदं रोजची. ‘खात होता’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांतला फरक रशियन क्रियापदं कशी दाखवतात, तेही इथे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा सहज उमगतं. मुलांच्या पुस्तकांत आघात छापलेले असण्याची शक्यताही बरीच जास्त. शेतघरातले काही जुने शब्द येतात, पण थोडे.

माझा क्रम असा: आघात छापलेल्या सोप्या कथा, त्यांच्या जोडीने तॉलस्तॉयच्या या छोट्या गोष्टी, आणि चेखव नंतर. प्रत्येकाला हाच सोयीचा पडेल असं नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी वर्ग चालू असेल आणि शिक्षक शेजारी बसून मोठ्याने वाचून घेत असतील, तर मूळ कथा लवकर सुरू करायला हरकत नाही. कथेचं ध्वनिमुद्रण मिळालं तरी बराच भार हलका होतो, फक्त वाचणारे नट असतात आणि त्यांचा वेग नवशिक्याला झेपेलच असं नाही. भाषांतरासह छापलेल्या काही मूळ आवृत्त्यांतही आघात दिलेले असतात. तशी एखादी हाती लागली तर माझा आक्षेप जवळजवळ उरतच नाही.

म्हणून विकत घेण्याआधी मुखपृष्ठ आणि प्रस्तावना राहू द्या, मधलं एखादं पान उघडा. लांब शब्दांवर आघाताच्या तिरप्या रेघा दिसतात का, आणि ‘यो’वर ठिपके आहेत का, एवढं बघा. ऑनलाइन घेत असाल तर नमुन्याची पानं उघडून बघा. ती दिलेली नसतील, तर विक्रेत्याला एका पानाचा फोटो मागा.