बुशी पार्कातली पार्करन: शेवटून दुसरी आलेल्या बाईचा अभिप्राय

लेकीच्या बाळंतपणाला लंडनला आले आणि दीड महिना डिंकाचे लाडू, शेक-शेगडी नि दुपटी यांतून डोकंच वर निघालं नाही. शेवटी जावई म्हणाले, "आई, शनिवारी माझ्याबरोबर पार्कात चला. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर डोंबिवलीची बाई नाही कशी म्हणेल?

तर ही पार्करन. दर शनिवारी सकाळी नऊला पाच किलोमीटर, पळा नाहीतर चाला. एकदाच नाव नोंदवायचं, बारकोड मिळतो, तो दर वेळी बरोबर न्यायचा. २ ऑक्टोबर २००४ ला याच बुशी पार्कात १३ जणांनी सुरुवात केली होती. आता तिथेच हजारभर माणसं जमतात. सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं.

मला आधी धास्ती होती ती टाळ्यांची. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका दौडीत (नाव घेत नाही) पैसे भरून दहा किलोमीटर चालले होते. पोचले तेव्हा कमान उतरवायला घेतली होती, पाणी संपलेलं, पदकांचं खोकं रिकामं. आणि तिकडे स्टेजवर "इथे आलेला प्रत्येक जण विजेता आहे" हे भाषण रंगात आलेलं. तेव्हापासून कुणी कौतुक करायला लागलं की मी आधी पाण्याची बाटली कुठे आहे ते बघते.

इथे मात्र एक पदच आहे, टेल वॉकर. स्वयंसेवकाचं जाकीट घालून सगळ्यांच्या मागे राहायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे आपण शेवटचे येऊच शकत नाही. पहिल्या शनिवारी माझ्या वाट्याला एक निवृत्त नर्स आली. माझा डावा गुडघा बघून तिने "तुम्हाला जमेल" वगैरे काही म्हटलं नाही. "दम लागतोय का? बोलता येतंय ना? मग वेग ठीक आहे," एवढंच. मग वाटभर हरणांच्या गोष्टी. ऑक्टोबरात नर माजावर असतात म्हणून त्यांच्यापासून पन्नास मीटर तरी लांब राहायचं. झाडाखाली तपकिरी, चकचकीत फळं पडली होती. भाजून खायला म्हणून मी दोन पदरात, म्हणजे जाकिटाच्या खिशात टाकली. तिने हसत काढून घेतली. ही घोडचेस्टनट, विषारी असतात म्हणे! माझं इंग्रजी बँकेच्या काउंटरपुरतं, पण तासभर कुठे अडलं नाही.

याउलट आमचे जावई. स्वतः केव्हाच पोचून परत उलटे आले आणि दोन किलोमीटरलाच ओरडायला लागले, "आई, आलंच आता!" हे म्हणजे किल्ल्याच्या वाटेवर गावकऱ्याला विचारावं नि त्याने "हे काय, इथंच" म्हणावं, तसं. अजून तीन किलोमीटर बाकी! वळणावर वाट दाखवायला उभी असलेली मार्शल मुलगी बरी, तिने सांगितलं, "वळणानंतर चिखल आहे, डावीकडून या." ते ऐकून पायात जास्त बळ आलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या आठवड्यात मीच मार्शल झाले. एका वळणावर उभं राहून हाताने वाट दाखवायची नि टाळ्या वाजवायच्या. सोपं वाटतं, पण चाळीस मिनिटांनी तळहात लाल होतात. पुढचे वाऱ्यासारखे जातात, त्यांना तुमची गरजही नसते. खरी कामाची वेळ मागचे यायला लागले की. इंग्रजी सुचेना तेव्हा "चला, चला, मस्त चाललंय!" सुरू केलं. एक आजोबा थबकले, कानाला हात लावून ऐकलं, अंगठा दाखवून पुढे गेले. आता दर शनिवारी लांबूनच "चाला, चाला" म्हणत येतात. उच्चार दुरुस्त केला नाही, अर्थ तोही बरोबरच आहे.

खटकणाऱ्या गोष्टी. बारकोड विसरलात की तुमची वेळ लागत नाही, रडून उपयोग नाही. शेवटच्या रेषेवर हातात देतात तो टोकन परत करायचा असतो, मी आठवण म्हणून घरी आणला आणि पुढच्या शनिवारी शरमेने नेऊन दिला. थंडीत नऊची वेळ माझ्या हाडांना मंजूर नाही. आणि नंतर ज्या कॉफीच्या दुकानात सगळे शिरतात, तिथला चहा म्हणजे गरम पाण्यात पिशवी. मी थर्मास नेते, आल्याचा, आता चार-पाच कप जास्तीचा.

पाचपैकी साडेचार. अर्धा थंडीचा कापला.

परवा निकालाची मेल आली: ५७ मिनिटं काही सेकंद. रात्री ह्यांचा फोन.

"कितवी आलीस?"

"शेवटून दुसरी."

"मग शेवटची कोण?"

"तिची नेमणूकच होती."