‘गॅस संपला’ म्हणून सुरू झालेली २३,४०० रुपयांची फसवणूक

गेल्या उन्हाळ्यात नवतपा लागायच्या चार दिवस आधी माझ्या गाडीच्या एसीचा थंडावा गेला आणि पुढच्या तीन आठवड्यांत माझ्याकडून २३,४०० रुपये उकळण्यात आले. बिघाड निघाला तो ३५० रुपयांच्या एका रिलेचा, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना माणूस फार प्रश्न विचारत बसत नाही, आणि याच घाईचा फायदा घेतला जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वर्धा रोडवर गाडी वेगात असली की हवा बऱ्यापैकी गार येत असे, पण सिग्नलला थांबले की दोनच मिनिटांत ती कोमट होई. मागच्या सीटवर बसलेली माझी ७६ वर्षांची आई दुपट्ट्याचे टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवून मानेवर धरून बसे. धावताना गार आणि उभी असताना गरम, या एका लक्षणातच बिघाडाची दिशा होती, हे मला नंतर कळले. एसीचा गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या कम्प्रेसरमधून निघालेला तापलेला गॅस पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये निवतो. गाडी धावत असताना हे काम समोरून येणारा वारा करतो, पण ती उभी राहिली की सगळी भिस्त कंडेन्सरच्या पंख्यावर असते.

रिंग रोडवरच्या गॅरेजमधल्या माणसाने गॅसचा दाब मोजणारे गेज न लावताच निकाल दिला, “मॅडम, गॅस संपला. दर दोन वर्षांनी भरावाच लागतो.” हे खरे नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. रबरी होस आणि सीलमधून वर्षानुवर्षांत तो थोडासा झिरपतो, पण बराच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती आधी शोधायला हवी. माझ्या गाडीच्या बॉनेटखाली स्टिकरवर ‘आर१३४ए, ४५० ग्रॅम’ असे स्पष्ट छापलेले होते. त्याने तिकडे पाहिले नाही, आतला गॅस काढला नाही, वजनकाटा तर नव्हताच. आहे त्यावरच डब्यातून आणखी गॅस सोडला आणि २,२०० रुपये घेतले.

आठवडाभरात एसी पुरता बंद पडला. पुन्हा गेले तेव्हा त्याने इंजिन चालू करून मला बॉनेटपाशी बोलावले आणि कम्प्रेसरच्या तोंडावर टॉर्च मारली. “बघा मॅडम, क्लच ओढतच नाही. कम्प्रेसर बसला.” इंजिनचा पट्टा फिरत होता आणि त्या पट्ट्याशी कम्प्रेसरला जोडणाऱ्या क्लचची पुढची चकती खरोखरच स्थिर होती. डोळ्यांनी पाहिल्यावर मी काय शंका घेणार? मुळात पंखा बंद, त्यात गॅस प्रमाणाबाहेर, म्हणून दाब वाढून प्रेशर स्विचने क्लचचा वीजप्रवाह तोडला होता. मशीन वाचवण्यासाठीच ती सोय असते. तेच मला कम्प्रेसर मेल्याचा पुरावा म्हणून दाखवले गेले. २१,२०० रुपयांत ‘नवा’ कम्प्रेसर ठरला. जुना मागितला तर “तो कंपनीला परत द्यावा लागतो,” आणि बिल मागितले तर “उद्या व्हॉट्सॲपवर टाकतो” असे उत्तर मिळाले. गाडी रात्री आठनंतर ताब्यात दिली आणि मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून थंडावा दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सिग्नलला पुन्हा तीच कोमट हवा आली.

शेजाऱ्यांनी सक्करदऱ्यातल्या एका वयस्कर कारागिराकडे पाठवले. त्यांनी एसी लावायला सांगितला आणि पान्ह्याला हातही न लावता ते जाळीसमोर उकिडवे बसले. मिनिटभराने म्हणाले, “ताई, याचा पंखाच फिरत नाही.” मग हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या रिलेच्या जागी बसवला, तोच पंखा गरगर फिरू लागला. त्यानंतर त्यांनी नव्या म्हणवलेल्या कम्प्रेसरवर नख घासले. ताज्या काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरे डाग धरलेले जुने ॲल्युमिनियम दिसले. पट्ट्याने पुलीच्या खाचा झिजून चकचकीत झालेल्या होत्या आणि नंबराच्या स्टिकरच्या जागी नुसता सुकलेला गोंद होता.

एसी बिघडला तर गॅसचे नाव काढण्याआधी एवढे स्वतः पाहावे: गाडी उभी असताना कंडेन्सरचा पंखा फिरतो का, आणि एसी लावताच क्लचचा ‘टक’ आवाज येतो का. गॅस भरायचाच झाला तर आधी आणि नंतरचे गेजचे आकडे फोनमध्ये टिपून घ्यावेत, व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांमधली हवा पंपाने ओढून, स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस भरायला सांगावा. कोणताही सुटा भाग बदलला तर जुना भाग आणि जीएसटी क्रमांकाचे बिल हातात पडेपर्यंत पैसे देऊ नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापार प्रथा ठरते.

जाब विचारायला फोन केला तेव्हा गॅरेजवाल्याचे उत्तर होते, “आम्ही बसवल्याचे बिल दाखवा.” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, सोबत यूपीआयच्या दोन नोंदी आणि नखाने खरवडलेल्या त्या कम्प्रेसरचे फोटो जोडले आहेत. माझा मूळचा धडधाकट कम्प्रेसर मात्र मला अजून परत मिळालेला नाही.