क्षारतेचा नकाशा: फोलियम की प्लॉटली?

समुद्राच्या पाण्यात मीठ किती, म्हणजे क्षारता, ते नकाशावर दाखवायची ही दोन साधनं (लायब्ररी). दोन्ही पायथॉनमधलीच, दोन्ही वापरून झालीत, पण काम वेगळं आहे. फोलियम म्हणजे आतून लीफलेटच (वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), चार-पाच ओळींत नकाशा उभा राहतो आणि एक एचटीएमएल फाईल मिळते जी कुणालाही पाठवा, पायथॉन नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडते. पन्नासेक स्टेशन्स (क्षारता मोजलेल्या जागा) असतील तर डोळे झाकून हेच घ्या. पण पॉइंट हजारोंत गेले की झूम करताना जाम अडकतं.

प्लॉटलीचा नकाशा वेबजीएलवर (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची सोय) चालतो, त्यामुळे गर्दी झेपते, शिवाय अ‍ॅनिमेशन फ्रेम या सेटिंगमध्ये महिना दिला की खाली स्लायडर येतो, मग खाडीत पावसाळ्यात क्षारता कशी पडते ते सरकवून बघता येतं, मला तर यासाठीच हे आवडतं! क्षारतेसाठीची हेलाइन नावाची रंगपट्टीही त्यात तयारच असते. फाईल मात्र जड होते.

एक घोळ दोन्हीकडे होतो. डेटात रिकाम्या जागी -९९९ भरलेलं असतं, ते काढलं नाही तर अख्खा समुद्र एकाच रंगाचा, मी अर्धा तास कोडच तपासत बसलो होतो. रंगांची रेंज ० ते ४० (साधारण एक किलो पाण्यात इतके ग्रॅम मीठ) हातानेच द्या, खुला समुद्र साधारण ३५ च्या आसपास असतो.